डॉ. कमला सोहोनी : प्रयोगशाळेचे दार उघडून घेणारी विदुषी



स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय छापण्याची आपली प्रथा आहे. यंदा हे काम माझ्याकडे आले. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा शिक्षक. असे असूनही मी निवडलेली व्यक्ती शास्त्रज्ञ आहे, याचे तुम्हाला नवल वाटेल. कारण आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. विज्ञानात तिला उत्तम गुण मिळाले. अकरावी सायन्सला जायची तिची फार इच्छा होती. तिचे अब्बा शेळ्या-मेंढ्यांच्या व्यापारातले, कष्टाळू आणि सरळ मनाचे गृहस्थ. मी त्यांना भेटायला घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे मला विचारले की, मुलीने प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुऊन काय मिळवायचे? प्रॅक्टिकल संपून एस.टी.ने घरी यायला दिवस मावळणार, त्याचे काय? आणि एवढे करून शेवटी तिला करायचा तर स्वयंपाकच ना? या तीन प्रश्नांना त्या दिवशी माझ्याकडे नीट उत्तर नव्हते. मी शिक्षणाच्या महत्त्वावर चार वाक्ये बोललो आणि उठून आलो. मुलगी घरी बसली.

नंतर डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्र माझ्या वाचनात आले, आणि त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका स्त्रीच्या आयुष्यात मला सापडली. ती मी तुमच्यापुढे मांडतो. एका मुलीच्या बाबतीत मला उशीर झाला. तुमच्या घरात कदाचित तो झालेला नसेल.

बालपण आणि शिक्षण

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म 1911 साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा संस्थेतून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, शिकून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. घरातली मोठी माणसे ज्या विषयावर बोलतात त्याची गोडी मुलांना न शिकवता लागते. कमलेचे तसेच झाले.

त्यांच्या बहिणीचे नाव सांगितले तर हे घर तुम्हाला लगेच ओळखीचे वाटेल. त्या म्हणजे थोर विदुषी दुर्गा भागवत. 1975 साली आपल्या शेजारच्या कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा दुर्गाबाई त्याच्या अध्यक्ष होत्या. आणीबाणीच्या त्या दिवसांत त्यांनी व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. आपल्या भागातील काही वडीलधाऱ्यांना ते संमेलन आठवतही असेल. एका घरातल्या दोन मुली. एक साहित्यात गेली, दुसरी विज्ञानात, आणि दोघींनीही मान खाली घातली नाही. मुलींना काय शिकवावे, यापेक्षा मुलींना शिकू द्यावे की नाही, हा प्रश्न त्या घराने फार आधीच निकालात काढला होता.

1933 साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत गुणवत्ता यादीत पहिल्या आल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, दुय्यम विषय पदार्थविज्ञान. पुढे काय करायचे हे ठरलेलेच होते. ज्या संस्थेत वडील आणि काका शिकले, तिथेच संशोधन करायचे. त्यांनी बंगळूरला अर्ज पाठवला.

बंद दार

वाचकहो, येथे त्यांच्या चरित्राला कलाटणी मिळते, म्हणून थोडे थांबून वाचा. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. 1930 साली नोबेल पारितोषिक मिळालेले, जगभर गाजलेले नाव. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्ज करणारी मुलगी होती म्हणून. संशोधन हे स्त्रियांचे काम नव्हे, अशी त्यांची समजूत होती.

बावीस वर्षांची मुलगी अशा वेळी काय करते? बहुधा रडते आणि घरी बसते. कमलाबाई वडिलांना घेऊन बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. कोणत्या नियमाने मला नाकारले, असा त्यांचा साधा सवाल होता. देशात गांधीजींच्या चळवळीचे दिवस होते. प्रवेश मिळेपर्यंत येथेच सत्याग्रह करीन, असे त्यांनी ठरवले. अखेर रामन यांनी त्यांना घेतले, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. ते वर्ष परीक्षेचे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामाला मान्यता मिळणार नव्हती. आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये.

या अटी अपमानाच्या होत्या, हे कमलाबाईंना कळत नव्हते असे नाही. वृद्धापकाळातही त्यांना त्याचे दुःख होते. पण त्यांनी अपमान एका बाजूला ठेवला आणि दार उघडे आहे तेवढ्यात आत शिरल्या. मानापमानाचा हिशेब नंतर करता येतो. शिकण्याचे वय मात्र परत येत नाही.

बंगळूरला त्यांना श्रीनिवासय्या नावाचे गुरू लाभले. अतिशय कडक, पण होतकरू विद्यार्थ्याला हातचे न राखता शिकवणारे. त्यांच्या देखरेखीखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम सुरू केले. वर्षअखेरीस रामन यांनी त्यांचे काम पाहिले आणि त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. पुढे हवामानशास्त्रात नाव मिळवणाऱ्या ॲना मणी याच संस्थेत, रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागल्या. रामन यांच्यासारखा विद्वानही चुकू शकतो आणि चूक सुधारूही शकतो, हे आपण मोठ्या माणसांनी ध्यानात ठेवावे. 1936 साली कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी मिळवली.

प्रथिने म्हणजे काय?

आता त्यांचे काम समजून घ्यायचे तर प्रथिनांविषयी दोन शब्द जाणणे भाग आहे. मी विज्ञानाचा शिक्षक नाही, म्हणून आमच्या विज्ञान शिक्षकांच्या शेजारी बसून हे समजून घेतले. मला जे कळले ते कोणत्याही अम्मीला कळेल.

आपले मांस, रक्त, केस, नखे हे सारे प्रथिनांनी घडलेले असते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ही आम्ले मुख्यत्वे 20 प्रकारची. माळेतले मणी निरनिराळ्या क्रमाने ओवले की माळ वेगळी दिसते, तसेच येथे होते. पण ही माळ सरळ लोंबत नाही; ती ठरावीक रीतीने घडी घालून बसते. प्रथिन कोणते काम करील, हे त्या घडीवर अवलंबून असते. कुलूप आणि किल्लीचा हा प्रकार आहे. घडी मोडली की काम थांबते. अंडे उकडले की पांढरे घट्ट होते आणि थंड केले तरी पुन्हा पातळ होत नाही, कारण उष्णतेने आतल्या प्रथिनांची घडी कायमची मोडलेली असते.

काही प्रथिने शरीरात कारागिराचे काम करतात. त्यांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. तुम्हाला उदाहरण हवे असेल तर बकरी ईदचा दिवस आठवा. मटण जून निघाले तर घरातली जाणती बाई त्याला कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवते आणि मग शिजवते. मांस लोण्यासारखे होते. का? कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचे विकर असते. ते मांसातील प्रथिनांच्या लांब साखळ्या कापून लहान करते. ते विकरही प्रथिनच. म्हणून पपई आधी उकळून मग लावली तर हा गुण उरत नाही. म्हणजे आपल्या दादी-नानींना या शास्त्राचा एक धडा पुस्तकाशिवाय येत होता. त्याचे कारण तेवढे ठाऊक नव्हते. कारण शोधायचे काम प्रयोगशाळेचे.

केंब्रिजचे दिवस

1937 साली शिष्यवृत्त्या मिळवून कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. न्यूनहॅम हे मुलींचे कॉलेज. तेथे त्यांचे नाव दाखल झाले. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी 1929 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. विभाग भरलेला होता; जागा नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने या परदेशी मुलीला आपल्या प्रयोगशाळेत जागा करून दिली. तुलना करू नये, पण मनात येतेच.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्यांना रॉबिन हिल या शास्त्रज्ञाचे मार्गदर्शन मिळाले. हिल वनस्पतींवर काम करीत. कमलाबाईंनी विषय घेतला बटाट्याचा. होय, तुमच्या-आमच्या भाजीतला बटाटा! प्राण्यांच्या पेशी श्वसन करतात, म्हणजे अन्नाचे प्राणवायूशी मंद ज्वलन करून त्यातून शक्ती मिळवतात. त्या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा म्हणजे सायटोक्रोम हे लोहयुक्त, रंगीत प्रथिन. प्राण्यांतील सायटोक्रोमवर केंब्रिजमध्येच पुष्कळ काम झाले होते. पण हिरव्या वनस्पतींत हीच यंत्रणा आहे का, याचे चित्र स्पष्ट नव्हते. पानांचा हिरवा रंगच या रंगीत प्रथिनांना झाकून टाकतो. बटाट्यात तो अडथळा नाही. कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशींतून सायटोक्रोम आणि त्याच्याबरोबर काम करणारे विकर दाखवून दिले. हिल यांच्यासमवेत त्यांचा या विषयावरचा टिपणवजा लेख 1939 साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. माणूस, बकरी आणि बटाटा यांच्या श्वासोच्छ्वासाची आतली यंत्रणा मुळात एकाच जातीची आहे, ही गोष्ट पक्की होण्यात आपल्या मराठी मुलीचा वाटा आहे.

हे काम त्यांनी सुमारे 14 महिन्यांत संपवले. प्रबंध अवघा 40 पानांचा होता, असे सांगतात. जाडजूड वह्या भरणाऱ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी. परीक्षकांनी पाने मोजली नाहीत, पुरावा पाहिला. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातील पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. त्यांच्याआधी 1931 मध्ये केरळच्या जानकी अम्मल यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती.

आणखी एक गोष्ट ऐका. ज्या केंब्रिजचे आपण एवढे नाव घेतो, ते विद्यापीठ स्त्रियांना 1948 पर्यंत पदवीचे पूर्ण हक्क देत नव्हते. नावापुरती पदवी मिळे. बंद दारे केवळ आपल्याकडेच होती असे समजण्याचे कारण नाही. ती सगळीकडे होती आणि सगळीकडे कोणीतरी उघडून घेतली.

त्याच काळात त्याच विभागात फ्रेडरिक सँगर नावाचा एक मुलगा पदवीचे शिक्षण घेत होता. पुढे त्याने इन्सुलिन या प्रथिनातील 51 अमिनो आम्लांचा नेमका क्रम शोधला आणि 1958 साली नोबेल मिळवले. दुसरे नोबेल 1980 साली. पदवीच्या वर्गात बाकावर बसलेला मुलगा किंवा मुलगी उद्या कोण होईल, हे कोणत्याही शिक्षकाला सांगता येत नाही. आई-बापालाही नाही.

मायदेशी

परदेशात राहण्याची संधी असतानाही कमलाबाई 1939 साली परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात नव्याने उघडलेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. पुढे कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. 1947 साली त्यांचा विवाह श्री. सोहोनी यांच्याशी झाला. ते विमा कंपन्यांचे गणित मांडणारे तज्ज्ञ होते. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि विज्ञान संस्थेत, म्हणजे 'इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स'मध्ये, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. लग्नानंतर संशोधन संपले नाही. खरे पाहता त्यांचे मोठे काम लग्नानंतरच झाले.

मुंबईत त्यांनी स्वतःसाठी प्रयोगशाळा मांडली नाही, विद्यार्थ्यांसाठी मांडली. गरिबाच्या ताटात जे असते त्याचाच अभ्यास करायचा, असे त्यांनी ठरवले होते. मटण ज्याला रोज परवडत नाही, त्याची प्रथिने कशातून येतात? कडधान्यांतून. आपल्या आटपाडीकडे पाहा. पाऊस रुसलेला मुलूख. बाजरी-ज्वारीची भाकरी आणि हुलगा, मटकी, तूर यांवरच येथल्या पिढ्या जगल्या. हुलग्याचे माडगे पिऊन दुष्काळ काढलेली माणसे आपल्या घरांत आहेत. भाकरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. म्हणून भाकरी आणि कालवण एकत्र खाल्ले की दोन्हींची उणीव भरून निघते.

पण कच्च्या कडधान्यात एक अडचण असते. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर अन्नातील प्रथिने कापून पचवते. अनेक कडधान्यांत असे एक प्रथिन असते की, जे या ट्रिप्सिनला घट्ट धरून बसते आणि त्याचे काम बंद पाडते. त्याला ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाल, डबल बीन यांसारख्या कडधान्यांतील, तसेच रताळ्यातील, अशा रोधकांचा पद्धतशीर शोध घेतला.

हा प्रयोग डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. दुधाच्या पावडरीचे पातळ पांढरे पाणी नळीत घ्या. त्यात ट्रिप्सिन घालून कोमट ठेवा. दुधातील प्रथिन कापले जाऊन पाणी हळूहळू निवळते. दुसऱ्या नळीत ट्रिप्सिनबरोबर कच्च्या वालाचा अर्क घाला. पाणी पांढरेच राहते. तिसऱ्या नळीत तोच अर्क चांगला उकळून घाला. पाणी पुन्हा निवळू लागते. उकळल्याने रोधकाची घडी मोडली! तीन नळ्यांत केवढा धडा आहे पाहा. वाल, हुलगे, मटकी भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खायची आपली रीत का योग्य आहे, हे त्या तीन नळ्या सांगतात.

नीरेचे संशोधन

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. आपल्या वाचकांसाठी एक खुलासा येथे जरूर आहे. माड, ताड, शिंदी यांचा पहाटे काढलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. तीत नशा नसते. उन्हात राहून ती आंबली की तिची ताडी होते आणि ताडी आपल्याला हराम आहे. कमलाबाईंनी तपासली ती ताजी नीरा. तीत जीवनसत्त्वे व लोह चांगल्या प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्याने प्रकृती सुधारते, असेही त्यांनी दाखवले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला. दूध नासू नये म्हणून काय करावे, याची रीत बसवून दिली.

एवढे करूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना सुमारे चार वर्षे ताटकळावे लागले. अंतर्गत राजकारण, दुसरे काय! शेवटी त्या संचालक झाल्याच. पहिली अट 1933 साली घातली गेली होती; शेवटचा अडथळा कितीतरी वर्षांनी आला. मुलींनो, हे मी लपवत नाही. एक दार उघडले म्हणजे सगळी उघडतात असे नाही. पण प्रत्येक दाराशी तुम्ही आधीपेक्षा अधिक बळाने उभ्या राहता.

ग्राहकांची शास्त्रज्ञ

निवृत्त झाल्यावरही त्यांनी विज्ञान कपाटात ठेवले नाही. 1966 साली मुंबईत काही स्त्रियांनी कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी ही ग्राहकांची संस्था स्थापन केली होती. बाजारातल्या जिनसांत भेसळ आहे का, वजनमाप बरोबर आहे का, हे तपासणारी आणि सांगणारी ही संस्था. कमलाबाईंनी तिच्यासाठी मनापासून काम केले, 1982-83 मध्ये तिचे अध्यक्षपद सांभाळले आणि तिच्या 'कीमत' या मासिकात लेख लिहिले. केंब्रिजची पदवी घेतलेली बाई आता हळद, तिखट, दूध आणि तेल यांच्या प्रश्नात लक्ष घालू लागली. आता त्या अब्बांचा तिसरा प्रश्न आठवा. शेवटी करायचा तर स्वयंपाकच ना? होय, स्वयंपाकच. पण स्वयंपाकात काय घडते हे जाणणारी बाई आपल्या घरालाच काय, सगळ्या गावाला भेसळ आणि आजार यांपासून वाचवू शकते.

1998 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. पंच्याऐंशी ओलांडलेल्या कमलाबाई समारंभातच कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

आपण काय करावे?

पालकहो, आपल्या दीनने इल्म मिळवणे फर्ज ठरवले आहे, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद केलेला नाही. जाबिर इब्न हय्यान आणि इब्न सीना यांची नावे आपण सभांतून अभिमानाने घेतो. क्षार म्हणजे 'अल्कली' हा शब्दच अरबीतून जगात गेला, हेही सांगतो. खरे आहे. पण पूर्वजांच्या अभिमानाने आजची परीक्षानळी भरत नाही. ती भरायला आजचा हात लागतो, आणि तो हात तुमच्या मुलीचाही असू शकतो.

आता पहिला प्रश्न : काचेच्या नळ्या धुऊन काय मिळते? कमलाबाईंची सुरुवात नळ्या धुण्यातूनच झाली असणार. प्रत्येक संशोधकाची होते. नळी अस्वच्छ असेल तर उत्तर खोटे येते. म्हणजे प्रयोगशाळा पहिला धडा देते तो प्रामाणिकपणाचा. म्हणून विद्यार्थ्यांनो, मित्राचे जर्नल उतरवून काढू नका. आलेले उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर ते खोडून पुस्तकातले लिहू नका. का जुळले नाही ते शोधा. संशोधन तेथून सुरू होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट ठेवली आहे. त्या वाटेवर चालायची सवय शाळेतच लागली पाहिजे.

एक लहान प्रयोग सांगतो. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाका. पांढरा फेस उसळेल. तो प्राणवायू असतो. बटाट्यातील कॅटालेज हे विकर तो मोकळा करते. आता उकडून गार केलेल्या फोडीवर तेच थेंब टाका. फेस येत नाही. दोन फोडींमधला हा फरक का, याचे उत्तर वर दिलेलेच आहे. ते शोधून वहीत आपल्या शब्दांत लिहा.

राहिला दुसरा प्रश्न, परतायला होणाऱ्या उशिराचा. तो खरा आहे आणि त्याला चरित्रातून उत्तर मिळणार नाही. कमलाबाईंबरोबर वडील बंगळूरपर्यंत गेले होते, एवढेच मी सांगू शकतो. आपल्या मुलींबरोबर कोण जाणार? चार मुली मिळून एका गाडीने जाऊ-येऊ शकतात. जमातीतला एखादा बुजुर्ग थांब्यावर उभा राहू शकतो. प्रॅक्टिकलची वेळ अलीकडे घ्यावी, अशी विनंती पालकांनी एकत्र येऊन महाविद्यालयाला करता येते. एकट्या बापाला जी गोष्ट जड जाते ती दहा घरांनी मिळून हलकी होते. त्या दिवशी चहा पिऊन उठण्याऐवजी हे मी बोलायला हवे होते. आपल्या सोसायटीच्या पुढच्या पालकसभेत हा विषय मी मांडणार आहे. आपण सर्वांनी यावे, आणि मुलींनाही बरोबर आणावे, ही विनंती.